सात जणांचं टेबल

दाताच्या डॉक्टरांकडे फोनवर बसायला लागून मला बावीस वर्षं झाली. एवढ्या काळात माणूस ओळखायची मी एकच खूण शिकले. दिलेल्या वेळेला येतो तो माणूस, येणं जमत नाही म्हणून कळवतो तोही माणूस, आणि जो येतही नाही आणि कळवतही नाही त्याच्याबद्दल मी चारचौघांत बोलत नाही. माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर माझ्याच अक्षरातली पाटी आहे: ‘येणं जमत नसेल तर कळवा. तुमच्या जागी दुसऱ्या कुणाचं दुखणं थांबलं असतं.’ डॉक्टरांना ती जरा जास्तच झोंबरी वाटली होती. मी काढू दिली नाही.

पाटी वाचूनही लोक दांडी मारायचेच. म्हणून मी एक पद्धत काढली. वहीत प्रत्येक अर्ध्या तासाला दोन नावं लिहायची, एक शाईनं आणि एक पेन्सिलनं. शाईचा आला नाही तर पेन्सिलचा खुर्चीत. दोघंही आले तर पेन्सिलवाल्याच्या हातात एक जुनं मासिक द्यायचं आणि गोड बोलायचं. डॉक्टरांची खुर्ची बावीस वर्षांत कधी रिकामी राहिली नाही, आणि त्याचा मला केवढा तरी अभिमान होता. पुढे जे झालं ते या पेन्सिलीमुळे झालं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. पेन्सिलीचा काय दोष.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक छोटंसं हॉटेल आहे. सात टेबलं, भिंतीवर एक घड्याळ, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे असलेले त्याचे मालक. त्यांना सगळे बसाकाका म्हणतात, अर्थात पाठीमागे. कारण गिऱ्हाईक आत आलं की ते तेवढंच म्हणतात, ‘बसा.’ या नाही, काय घेणार नाही, थंडी फार आहे नाही. नुसतं बसा. पण ते असं म्हणतात की उभ्या माणसाला आपण खरंच दमलोय असं वाटायला लागतं. मग समोर सूप येतं, आणि काका स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून तुमचा पहिला घोट बघतात. तो तुमच्या घशाखाली उतरला की मान हलवून आत जातात. पहिल्यांदा येणाऱ्याला हे जरा विचित्र वाटतं. आपण काही चोरतोय की काय, असं.

त्याचं कारण मला आईनं सांगितलं होतं. आई कुणाकडूनही काहीही काढून घेते, भिंतीलासुद्धा ती बोलतं करील. काका आधी अठ्ठावीस वर्षं एका मोठ्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरात होते. तळघरात. तिथे रोज सहाशे माणसांचं जेवण शिजायचं, ट्रे लिफ्टमधून वर जायचे आणि तासाभरानं उष्टे होऊन खाली यायचे. अठ्ठावीस वर्षं स्वयंपाक केला, पण एका माणसाला जेवताना पाहिलं नाही. कुणाला आवडलं, कुणी नाक मुरडलं, कुणाचं ते शेवटचं जेवण होतं, काही कळायचं नाही. सुटल्यावर साठलं होतं ते सगळं घालून त्यांनी हे हॉटेल काढलं ते केवळ जेवणारी माणसं बघायला.

दवाखाना सणासुदीला बंद नसतो. उलट सणाला घरची माणसं सुट्टी घेतात आणि ज्यांना कुणी नाही ते कामाला येतात, आणि काकांचं म्हणणं असं की ज्यांना कुणी आहे पण कामाला नाही म्हणता येत नाही, तेही. त्यांची बायको लवकर गेली. मुलगी शेजाऱ्यांकडे जेवून मोठी झाली. दर नाताळला ते तिला सांगायचे की या वर्षी नक्की, आणि दर नाताळला दुसरा आचारी आजारी पडायचा. संध्याकाळी ते दवाखान्यातली कोंबडीची तंगडी कागदात गुंडाळून घरी आणायचे आणि पोरगी म्हणायची, मी जेवलेय. पुढे तिनं विचारणंच सोडलं. लग्न होऊन ती पाच तासांच्या अंतरावर गेली. फोन होता, येणंजाणं नव्हतं. मुलगी म्हटलं की काकांचा हात आपोआप फडक्याकडे जायचा आणि ते आधीच पुसलेलं टेबल पुन्हा पुसायला लागायचे.

आता माझं. मी लग्न केलं नाही. मी आणि आई अशा दोघी राहतो. आई ऐंशीची आहे आणि तिच्या तोंडात स्वतःचा एकही दात नाही, यावरून डॉक्टरांकडे माझी पुरेशी थट्टा होऊन गेलेली आहे. गेल्या वर्षी धाकट्या भावानं कळवलं की तो नऊ वर्षांनी येतोय, बायको आणि तीन पोरांना घेऊन, नाताळला. आईनं हे ऐकल्यापासून एकच धोशा लावला की सगळे एका टेबलावर जेवायचे. आमचं टेबल चौघांचं, तेही चौथा भिंतीला चिकटला तर. शिवाय मला स्वयंपाक येतो म्हणणं म्हणजे खोटं बोलणं. म्हणून मी बाहेर जेवायचं ठरवलं आणि फोन घेऊन बसले.

नाताळच्या दुपारी उघडं असलेलं हॉटेल शोधून बघा एकदा. दहा ठिकाणी फोन केले. चार जणांनी उचलला नाही, पाच जणांनी बंद म्हणून सांगितलं, त्यातल्या एकानं तर मला नाताळच्या दिवशी स्वयंपाक न करणारी बाई म्हणून वर दोन शब्द ऐकवले. दहावं स्टेशनसमोरचं मोठं हॉटेल. त्यांच्याकडे जागा नव्हती, पण नाव लिहून ठेवतो म्हणाले. पेन्सिलनं, असं मी मनात म्हटलं.

मग मी बसाकाकांना फोन केला. ते म्हणाले, बंद आहे. मी म्हटलं, दर वर्षी तर उघडं असतं.

“मुलीकडे जायचंय,” ते म्हणाले. “तिनं पहिल्यांदाच बोलावलंय.”

‘पहिल्यांदाच’ हा शब्द मला नीट ऐकू आला होता. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी माझी बाजू घेऊ नये. तो शब्द मला ऐकू आला, कळला, आणि मी त्याच्यावरून पाय टाकून पुढे गेले.

“आई ऐंशीची आहे, काका,” मी म्हटलं. “पुढच्या वर्षीचं कुणी सांगितलंय?”

हे वाक्य माझं नाही. डॉक्टरांची वेळ मिळाली नाही की लोक हेच वाक्य माझ्यावर चालवतात, आणि त्यापुढे मी बावीस वर्षांत एकदाही टिकलेले नाही. त्याची धार मला ठाऊक होती म्हणून तर वापरलं. मग त्यांनी विचारलं, किती जण. मी सात म्हटलं. मुलीच्या गावाला एक गाडी सकाळी आठला आणि एक दुपारी चारला, एवढ्याच. एक वाजता याल का, म्हणाले. मी म्हटलं, एकच्या ठोक्याला.

“मग चारची धरतो,” ते म्हणाले. “तिला सांगतो, रात्री जेवू म्हणून.”

मी घरचा नंबर दिला आणि फोन ठेवला. मला अगदी शाबासकी द्यावीशी वाटली स्वतःला.

नाताळच्या दोन दिवस आधी स्टेशनसमोरच्या हॉटेलातून फोन आला की सात जणांची जागा झाली आहे. कुणीतरी येणं जमत नाही म्हणून कळवलं होतं. असेही लोक असतात. भाऊ तेव्हा घरात होता, त्यानं त्या हॉटेलचं नाव ऐकलं आणि त्याची पोरं नाचायला लागली, कारण त्या हॉटेलात काचेची लिफ्ट आहे. मी हो म्हटलं. आईला सांगितलं की बसाकाकांनीच नाही म्हणून कळवलं, ते मुलीकडे चाललेत. आई म्हणाली, बरं झालं बाई, जाऊ देत त्यांना एकदाचं.

आता त्यांना फोन करून नाही म्हणायचं एवढंच राहिलं होतं. अर्ध्या मिनिटाचं काम. मी रोज चाळीस फोन करते. पहिल्यांदा केला तेव्हा लाइन लागली नाही. दुसऱ्यांदा नंबर फिरवता फिरवता मला ते ऐंशीचं वाक्य आठवलं आणि मी फोन ठेवला. काय सांगणार होते? आईच्या वयाची भीड घालून तुमची सकाळची गाडी सोडायला लावली, आणि आता आम्हाला काचेची लिफ्ट मिळाली आहे? उद्या सांगू, म्हटलं. दुसऱ्या दिवशी म्हटलं, आता सांगून काय उपयोग, त्यांनी सामान आणलं असेल. मग अशीही समजूत घातली की उघडंच आहे म्हटल्यावर दुसरं कुणीतरी जेवायला येईलच, खुर्ची काही रिकामी राहत नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान आणि स्वतः कोरडे पाषाण म्हणतात ते हेच.

नाताळची दुपार. मोठ्या हॉटेलात एवढा गोंगाट होता की एका टेबलावर बसूनही आम्ही सात जण सात गावांत असल्यासारखे होतो. पोरं लिफ्टनं वरखाली करत होती. कोंबडी चिवट होती. आईनं दोन घास चघळले, तिसरा हळूच रुमालात काढला आणि म्हणाली की बसाकाकांचे बटाटे असते तर बरं झालं असतं, ते लोणी घालून जिभेनंच तुटतील इतके मऊ करतात. मी म्हटलं, ते गावाला गेलेत.

परत येताना भाऊ आणि त्याची माणसं एका टॅक्सीत, मी आणि आई दुसरीत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पुढे एक गाडी मागेपुढे करत होती म्हणून टॅक्सी थांबली, ती नेमकी बसाकाकांच्या काचेसमोर. आत दिवे लागलेले होते. दारावर कागद होता, ‘आज बंद. एकाच कुटुंबासाठी उघडं.’ दोन टेबलं जोडून त्यावर पांढरी चादर घातली होती. सात ताटल्या, सात पेले, सात घड्या घातलेले रुमाल. एका खुर्चीवर उशी होती. आई बुटकी आहे, तिला टेबल उंच पडतं, म्हणून ते नेहमी स्वतःच्या खुर्चीवरची उशी तिला देतात. काका आमच्याकडे पाठ करून उभे होते, धुतलेला ॲप्रन घालून, आणि एक काटा उचलून पुसून परत ठेवत होते. दाराजवळ त्यांची बॅग होती.

मी त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. साडेतीन. बसस्थानक तिथून दहा मिनिटांवर आहे. दार उघडून नुसतं सांगितलं असतं की काका, आम्ही येत नाही, पळा, तरी त्यांना चारची गाडी मिळाली असती. शिव्या खाल्ल्या असत्या, पण गाडी मिळाली असती.

आई म्हणाली, “अगं, उघडं आहे की.”

मी खाली वाकले. बुटाची नाडी बांधायला. त्या बुटांना नाडी नव्हती. आईला खालूनच सांगितलं की ते जायच्या आधी झाडलोट करत असतील. टॅक्सी हलली. मला आजही तो बूट जसाच्या तसा डोळ्यांसमोर आहे, डाव्या पायाचा, टाचेकडे जरा झिजलेला. माझ्या वयाच्या बाईनं असं वाकून लपावं याची लाज वाटते, पण त्या वेळी लाजेपेक्षा सुटल्याचं वाटलं. तेच जास्त वाईट आहे.

नऊ दिवसांनी काका डॉक्टरांकडे आले. त्यांची वेळ महिन्याभरापूर्वी मीच लिहिली होती, शाईनं. ते दहा मिनिटं आधी आले आणि नेमके माझ्या पाटीखालच्या खुर्चीवर बसले. मी वहीत डोकं खुपसलं. चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, आता उठतील आणि सगळ्यांसमोर पाटी वाचून दाखवतील. उठले खरे. टेबलापाशी आले, आवाज खाली आणला.

“ताई, आई बऱ्या आहेत ना?”

मला काही कळेना. मग ते हळूहळू सांगायला लागले. दोन वाजता त्यांनी आमच्या घरी फोन केला होता, अडीचला केला, तीनला केला. कुणी उचलला नाही. सणाच्या दुपारी जेवणाच्या वेळी घरात कुणी फोन उचलत नाही याचा दवाखान्यात काम केलेल्या माणसासाठी एकच अर्थ होतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या जुन्या दवाखान्याच्या तळघरात फोन करून विचारलं होतं की ऐंशीच्या बाईसाठी मऊ जेवणाचा नवा ट्रे लागलाय का. नाही म्हणाले, तेव्हा त्यांना वाटलं दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात नेलं असेल, नाहीतर. त्या ‘नाहीतर’च्या पुढे ते गेले नाहीत. दुःखाच्या घरी फोन करून टेबलाचं काय विचारायचं, म्हणून पुन्हा फोन केला नाही.

न आलेल्या माणसाबद्दल असाही विचार करता येतो हे मला बावीस वर्षांत सुचलं नव्हतं. खरं बोलायची याहून सोपी वेळ येणार नव्हती. आणि मी म्हटलं, हो, जरा बरं नव्हतं तिला, आता ठीक आहे. त्यांचा चेहरा एवढा मोकळा झाला की मला बघवेना. पेन्सिलवाला आधीच आत होता, पण मी त्याला बाहेर काढून काकांना आत पाठवलं. तेवढीच भरपाई मला सुचली.

दुसऱ्या दिवशी मी दुपारी जेवायला घरी आलेली असताना बेल वाजली. मी उठेपर्यंत आईनं दार उघडलं होतं. आई तेव्हा खिडक्या पुसत होती, हातात ओलं फडकं, बाह्या वर केलेल्या. दारात काका, हातात सुपाचा मोठा डबा. ते आईला म्हणाले, अहो, उठलात कशाला. आईनं त्यांच्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, मग मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तिला काय काय कळलं देव जाणे. तिनं फडकं पाठीमागे घेतलं, एक हात दाराच्या चौकटीवर ठेवला आणि दोनदा खोकली, अगदी बेताचं.

“आता बरं आहे,” ती म्हणाली.

काका गेल्यावर तिनं शांतपणे डबा उघडला, वाटीभर सूप घेतलं, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली, तोंड पुसलं.

“आता सांग,” ती म्हणाली. “कधीपासून आजारी आहे मी?”

मी सगळं सांगितलं. वाक्य, पेन्सिल, दोन अर्धवट फोन, बूट. शेवटी आई म्हणाली की ती खोकली ती काकांना दारात ओशाळं वाटू नये म्हणून, माझ्यासाठी नव्हे. “माझं वय पुढे करून तू माणसाची गाडी चुकवलीस,” म्हणाली. मग उठून तिनं डबा घासला, कोरडा केला, माझ्यासमोर ठेवला.

“डबा रिकामा परत देऊ नये,” ती म्हणाली. “खरं काय ते घेऊन जा त्यात.”

मी त्याच दिवशी चारला गेले. त्या वेळी हॉटेलात कुणी नसतं. काका बटाटे सोलत होते. मला पाहून म्हणाले, बसा. मी बसले. डबा टेबलावर ठेवला आणि तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनीच सुरुवात केली. हा माणूस वर्षभरात बोलत नाही तेवढं त्या दहा मिनिटांत बोलला.

नाताळच्या दिवशी चार वाजून गेल्यावर त्यांनी मुलीला फोन केला होता. सांगितलं की एका घरची म्हातारी आजारी पडली बहुतेक, मी त्यांची वाट बघत थांबलो, गाडी चुकली. मुलगी म्हणाली, बाबा, तुमचं नेहमीच कुणीतरी आजारी असतं. आणि तिनं फोन ठेवला. तेव्हापासून जावईच फोन उचलतो आणि ती कामात आहे म्हणून सांगतो. तिनं बोलावताना म्हटलं होतं की या वर्षी स्वयंपाक मी करणार, तुम्ही फक्त बसायचं. हे सांगताना काकांच्या हातातला बटाटा सोलून सोलून लिंबाएवढा झाला होता.

“ताई, एक करता का,” ते म्हणाले. “तुम्ही तिच्याशी बोला. आई खरंच आजारी होत्या म्हणून सांगा. माझ्यावर तिचा विश्वास नाही. तुमच्यावर बसेल, तुमचा फोनचा आवाज चांगला आहे.”

ते उठले, नंबर फिरवला, जावयाला म्हणाले की एक बाई बोलणार आहेत, महत्त्वाचं आहे, आणि फोन माझ्या हातात दिला. स्वतः स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले, नेहमीच्या जागी.

खरं सांगते, हो म्हणून टाकावं असं मनात आलं. आई आजारी होती, तुमचे वडील देवमाणूस, बस. मुलगी निवळली असती, काका खूश, आई काय, खोकली असती आणखी दोनदा. कुणाचं काही बिघडलं नसतं. पण तिकडून एक बाईचा थकलेला आवाज ‘बोला’ म्हणाला आणि मला कळलं की ही बाई लहानपणापासून दर नाताळला एक आजारी माणूस ऐकत आली आहे. तिला मी आणखी एक देणार होते.

मी सांगितलं, आई आजारी नव्हती. आम्ही दुसरीकडे जेवलो. तुमचे वडील बंद ठेवणार होते, मीच गळ घालून थांबवलं आणि नंतर कळवलं नाही. साडेतीनला मी टॅक्सीतून त्यांना पाहिलं. सात ताटल्या मांडून उभे होते, बॅग दाराशी होती. चारची गाडी मिळाली असती, पण मी खाली वाकून लपले. त्यांनी तुम्हाला सांगितलं ते खोटं नव्हतं, त्यांना तसंच वाटलं होतं. खोटं माझं होतं.

बोलताना मी टेबलावरच्या डब्याकडे बघत होते. मुलीनं विचारलं, मी कोण. मी सांगितलं, दाताच्या डॉक्टरांकडे लोकांना वेळ देते.

“बाबांना द्या,” ती म्हणाली.

काकांनी फोन घेतला. बहुतेक ऐकतच होते. मधे म्हणाले, सात. मग म्हणाले, नाही, मीही नाही जेवलो. मग बराच वेळ हो, हो. मग घड्याळाकडे बघून म्हणाले, सकाळी आठची आहे. उद्या? उद्या चालेल. फोन ठेवला तेव्हा त्यांचे डोळे ओले होते, आणि मला वाटलं, झालं, आता ते मला काहीतरी चांगलं बोलतील. इतकी मी बेशरम.

“साडेतीनला पाहिलंत मला?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“गाडी चारची होती, माहीत होतं?”

“माहीत होतं.”

त्यांनी मान हलवली. घोट घशाखाली उतरल्यावर हलवतात तशी नाही. म्हणाले, म्हातारं माणूस, चालायला वेळ लागतो, मी बंद करून गेलो आणि तुम्ही दाराशी आलात तर काय, म्हणून थांबलो होतो. मग त्यांनी रिकामा डबा उचलला, मोरीत ठेवला, आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाले, “आता निघा तुम्ही. मला आवरायचंय.”

दुसऱ्या दिवशी दारावर कागद होता, ‘चार दिवस बंद.’ गल्लीतल्या लोकांना नवल वाटलं, कारण ते हॉटेल कधी एक दिवससुद्धा बंद नव्हतं. आता ते वर्षातून तीनदा बंद असतं, आणि या नाताळलाही होतं. मी घरी स्वयंपाक केला. आईनं सगळं खाल्लं आणि काही बोलली नाही, यावरून काय ते समजा.

महिन्यातून एकदा आईला मी काकांकडे नेते. आईचा तो हट्ट आहे, आणि मला वाटतं, तिनं मला दिलेली ती शिक्षाही आहे. काका आईकडे बघून ‘बसा’ म्हणतात, उशी आणून देतात. मला म्हणत नाहीत. मी आपली मीच खुर्ची ओढून बसते. सूप येतं. काका दारात उभे राहून आईचा पहिला घोट बघतात, मान हलवतात, आणि मी चमचा उचलायच्या आत वळून आत जातात. सूप मात्र सगळ्यांना असतं तेवढंच गरम असतं, आणि मी ते संपवते.